लेकीच्या गाडीत लपवलेला ट्रॅकर

प्रिय ताई,

माझ्या मुलीला अठरा पूर्ण झाली आणि तीन महिन्यांपूर्वी तिला गाडीचं लायसन्स मिळालं. घरातली जुनी गाडी आता बहुतेक तीच वापरते. लायसन्स हातात आलं त्याच आठवड्यात मी मेकॅनिककडून गाडीत जीपीएस ट्रॅकर बसवून घेतला. स्टिअरिंगच्या खाली, आतल्या बाजूला, दिसणार नाही असा. तिला सांगितलेलं नाही. माझ्या मोबाइलवर नकाशा उघडतो आणि त्यावर गाडीचा निळा ठिपका दिसतो. सुरुवातीला वाटलं होतं, पोचली की नाही एवढंच बघायचं. आता दिवसातून वीस-पंचवीस वेळा बघते. ऑफिसात मीटिंग चालू असतानासुद्धा.

दोन आठवड्यांपूर्वी ती ‘लायब्ररीत जाते’ म्हणून निघाली. ठिपका लायब्ररीपासून सहा किलोमीटरवरच्या दाट इमारतींच्या भागात जाऊन थांबला. तिथे आमच्या ओळखीचं कोणीच राहत नाही. अडीच तास तिथेच होता. घरी आल्यावर ‘झाला का अभ्यास?’ विचारलं तर ‘हो’ म्हणाली. त्या दिवसापासून मला झोप नाही. कोणाकडे जात असेल? मी एकदा स्वतः त्या गल्लीत जाऊन इमारती बघून आले. नंतर आणखी दोनदा ठिपका तिथेच गेला. विचारायला जावं तर ट्रॅकरचं सांगावं लागेल. ह्यांचं म्हणणं, गप्प राहा, लक्ष ठेव, पुरावा हाती येऊ दे. मध्ये एकदा रात्री अकरानंतर वेग ९२ झाल्याचा मेसेजही आला होता. मोठ्या मुलाच्या वेळी आम्ही असलं काही केलं नव्हतं, पण तेव्हाचे दिवस वेगळे होते. मी चुकले का? आता काय करू?

— झोप उडालेली आई

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा वाचताना माझंही लक्ष तुमच्यासारखंच त्या अनोळखी इमारतींवर खिळलं. दुसऱ्यांदा वाचताना मात्र शेवटाकडच्या दोन वाक्यांपाशी मी अडखळले. एक, रात्री अकरानंतरचा ९२ चा वेग. दुसरं, मोठ्या मुलाच्या वेळी असं काही केलं नव्हतं हे. दोन्ही वाक्यं तुम्ही जाता जाता लिहून टाकली आहेत. मला सुरुवात तिथूनच करायची आहे. इमारतींकडे नंतर येऊ.

रस्ता कोणता होता ते तुम्ही लिहिलेलं नाही. ताशी ६० किलोमीटरची मर्यादा असलेला रस्ता धरू. समोर अचानक काही आडवं आलं, तर ते दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. तेवढ्यात ६० च्या वेगाची गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते. नंतर ब्रेक लागून, कोरड्या चांगल्या रस्त्यावर, ती आणखी २० मीटरवर थांबते. म्हणजे एकूण ४५ मीटर. हाच हिशेब ९२ च्या वेगाला केला तर एकूण अंतर ८५ मीटरच्या आसपास जातं. याहून वाईट गोष्ट पुढे आहे. ६० ची गाडी जिथे पूर्ण थांबलेली असते, त्या जागी ९२ ची गाडी अजून ८५ च्या वेगाने धावत असते, कारण ब्रेक लागायला नुकती कुठे सुरुवात झालेली असते. आणि रात्री दिवे डिपरवर असताना पुढचा रस्ता जेमतेम ४० ते ६० मीटर दिसतो. म्हणजे दिसल्यावर ब्रेक दाबायचा म्हटलं तरी उशीर झालेला असतो.

तुमच्या मुलीला गाडी हातात घेऊन तीन महिने झालेत. एकट्याने गाडी चालवायला लागल्यानंतरचे पहिले काही महिने सगळ्यात धोक्याचे, हे ज्या ज्या देशांत अभ्यास झाला तिथे दिसलं आहे. त्यात रात्र आली की धोका वाढतो. त्यात गाडीत बरोबरीची मुलं बसली की आणखी वाढतो, आणि जितकी मुलं जास्त तितका जास्त. न्यूझीलंडने १९८७ साली लायसन्स टप्प्याटप्प्याने द्यायला सुरुवात केली ती यामुळेच. मधल्या टप्प्यात नव्या चालकाने रात्री दहा ते पहाटे पाच एकट्याने गाडी चालवायची नाही आणि सोबत अनुभवी माणूस असल्याशिवाय मित्रमैत्रिणींना बसवायचं नाही, असा तिथला नियम. मुलं कुठे जातात याची चौकशी त्या नियमात नाही. कधी चालवतात आणि शेजारी कोण बसलंय, एवढंच तो बघतो.

त्या इमारतींपाशी काय आहे ते मला माहीत नाही. पण तिथे गाडी उभी होती. तुमच्या लेकीच्या जिवाला खरा धोका झाला असेल तर तो ९२ च्या मेसेजच्या वेळी, आणि त्या रात्रीची तुम्ही चौकशी केली असं पत्रात कुठेच नाही. गल्लीत जाऊन मात्र आलात. हे मी तुम्हाला बोल लावायला लिहीत नाही. भीती अशीच असते. जे अनोळखी असतं तिकडे ती धावते आणि जे रोजचं असतं, रस्ता, वेग, रात्र, ते तिला दिसत नाही. पण ट्रॅकर मुलीच्या सुरक्षिततेसाठी बसवला असं आपण स्वतःला सांगत असू, तर त्याने दिलेली सगळ्यात महत्त्वाची सूचना बाजूला का पडली, याचा विचार तुम्ही करायला हवा.

आता मोठ्या मुलाबद्दल. ‘तेव्हाचे दिवस वेगळे होते’ असं तुम्ही लिहिता. दिवस फार वेगळे नव्हते. तो मुलगा होता. रस्त्यावरच्या अपघातांचे जगभरचे आकडे काढले तर पुरुषांचं मरण्याचं प्रमाण बायकांच्या साधारण तिप्पट आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. नवं लायसन्स मिळालेला तरुण मुलगा ही रस्त्यावरची सगळ्यात काळजीची गोष्ट. केवळ अपघाताची भीती असती तर ट्रॅकर आधी त्याच्या गाडीत बसायला हवा होता. तो बसला नाही आणि लेकीच्या गाडीत बसला, याचा अर्थ तुम्ही तिच्या गाडी चालवण्यावर कमी आणि तिच्या जाण्यायेण्यावर, कोणाला भेटते त्यावर, जास्त लक्ष ठेवताय. तुम्ही ठरवून असं केलं नसेल, हे मी मानते. आपल्यातल्या बहुतेक आया ठरवून करत नाहीत. आपल्यावर जशी नजर ठेवली गेली तशीच आपण नकळत पुढे ठेवतो. पण मुलीला ट्रॅकर कळेल त्या दिवशी तिचा पहिला प्रश्न ‘का?’ हा नसेल. ‘दादाच्या वेळी का नाही?’ हा असेल. त्याचं उत्तर शोधून ठेवा. प्रामाणिक उत्तर सापडलं नाही, तर ‘चुकलं’ म्हणायची तयारी ठेवा.

मुळात त्या ठिपक्याला किती कळतं, तेही समजून घ्या. पुष्कळांना वाटतं, वर उपग्रह आहे आणि तो आपल्या मुलीकडे बघतोय. तसं काही नसतं. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फक्त वेळेचे आणि स्वतःच्या जागेचे संदेश पाठवत असतात. गाडीतलं यंत्र निदान चार उपग्रहांचे संदेश पकडून, कोणता किती उशिरा पोचला यावरून आपली जागा काढतं आणि आतल्या सिमकार्डवरून ती जागा कंपनीकडे आणि तिथून तुमच्या मोबाइलवर पाठवतं. मोकळ्या आकाशाखाली हे काही मीटरांपर्यंत बरोबर येतं. उंच इमारतींमध्ये मात्र संदेश भिंतींवर आपटून येतात आणि ठिपका गल्लीच्या पलीकडे, कधी शेजारच्या रस्त्यावर दिसतो. तळघरातल्या पार्किंगमध्ये तो हरवतो. नेटवर्क गेलं की शेवटच्या जागीच अडकून बसतो. तुम्ही ज्या इमारती बघून आलात, त्यांतच ती गेली होती की नाही हे ठिपक्यावरून ठरत नाही. गाडी त्या भागात होती एवढंच खरं. गाडीत कोण होतं, मुलगी गाडीपासून किती लांब होती, ती हसत होती की रडत होती, यातलं काहीच नकाशावर येत नाही.

म्हणून ‘पुरावा हाती येऊ दे’ हे तुमच्या यजमानांचं म्हणणं मला पटत नाही. पुरावा कशाचा? ठिपका आणखी दहा वेळा तिथे गेला तरी आज जे माहीत नाही ते तेव्हाही माहीत नसेल. दरम्यान तुमचं रोजचं बोलणं खोटं होत जाईल. ‘कुठे होतीस?’ हे विचारताना उत्तर तुम्हाला माहीत असतं, आणि ती काय सांगते ते तुम्ही पडताळून बघत असता. ती खोटं बोलते म्हणून तुम्ही दुखावलात, ते समजण्यासारखं आहे. पण त्या घरात या क्षणी दोघी एकमेकींशी खोटं बोलताय, आणि तुमचं आधी सुरू झालं. लायसन्सच्या आठवड्यातच.

दुसरी गोष्ट, हे लपून राहणार नाही. गाडी सर्व्हिसिंगला जाईल, कोणीतरी मेकॅनिक पॅनेल उघडेल आणि चालवणाऱ्या मुलीलाच सांगेल की इथे एक यंत्र बसवलंय. किंवा तुमच्या मोबाइलवर नकाशा उघडा राहील. किंवा एखाद्या भांडणात तुमच्याच तोंडून निघून जाईल. तेव्हा जे होईल त्याची मला जास्त काळजी आहे. मुलं ट्रॅकर काढून फेकत नाहीत. ती त्याला वळसा घालतात. फोनमध्ये असेल तर फोन मैत्रिणीच्या घरी ठेवून जातात. गाडीत असेल तर गाडी लायब्ररीबाहेर लावून दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीत बसतात. मग तुमचा ठिपका लायब्ररीपाशी शांत उभा असेल, आणि तुमची लेक रात्री अकरा वाजता अशा मुलाच्या गाडीत मागच्या सीटवर असेल ज्याचं लायसन्स सहा आठवड्यांपूर्वीचं आहे. हा धोका आजच्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

मुलांबद्दल आईवडिलांना जे माहीत असतं ते त्यांना कळतं कसं, यावर मार्गारेट केर आणि होकान स्टॅटिन या मानसशास्त्रज्ञांनी स्वीडनमध्ये चौदा वर्षांच्या ७०३ मुलांचा आणि त्यांच्या आईवडिलांचा अभ्यास केला होता. २००० साली तो प्रसिद्ध झाला. तोवर असं धरलं जायचं की जे आईवडील जास्त लक्ष ठेवतात त्यांना जास्त माहीत असतं आणि त्यांची मुलं कमी बिघडतात. या दोघांना दिसलं ते वेगळंच. आईवडिलांना जी माहिती होती ती मुख्यतः मुलांनी आपणहून सांगितल्यामुळे होती. चौकश्या आणि बंधनं यांचा वाटा फारच कमी निघाला. मला हा अभ्यास वारंवार आठवतो, कारण माझ्याकडे पत्रं लिहिणारे बहुतेक पालक ‘कसं शोधून काढू’ असं विचारतात. ‘ती आपणहून सांगेल असं काय करू’ हे फार थोडे विचारतात. तुम्हीही विचारलेलं नाही. पण तुमचा खरा प्रश्न तोच आहे असं मला वाटतं.

तर, तुम्ही चुकलात का? ट्रॅकर बसवला ही चूक मी म्हणणार नाही. गाडी तुमची आहे, मुलगी नवशिकी आहे, काळजी खोटी नाही. तो लपवला ही चूक. तिला अठरा पूर्ण झालेली आहेत. बहुतेक देशांत या वयाचा माणूस कायद्याने सज्ञान असतो, आणि सज्ञान माणसाच्या नकळत त्याच्या मागावर राहणं काही ठिकाणी गुन्हाही ठरतो. कायदा बाजूला ठेवला तरी, मत द्यायला आणि गाडी चालवायला जी पुरेशी मोठी आहे, तिला ती चालवते त्या गाडीत काय बसवलंय ते कळायलाच हवं.

आता काय करायचं. या आठवड्यात तिला सांगा. त्या इमारतींबद्दल विचारण्यासाठी म्हणून सांगू नका. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. ‘तू लायब्ररीत नव्हतीस, मला माहीत आहे, कारण गाडीत ट्रॅकर आहे’ असं एका दमात म्हणालात, तर तुमची कबुलीच तिच्यावरचा आरोप होईल आणि ती फक्त बचाव करेल. आधी फक्त तुमचं सांगा. रात्री नको, भांडणानंतर नको, आणि गाडी चालवताना तर नकोच. दोघी घरात निवांत असताना म्हणा, ‘तुझं लायसन्स आलं तेव्हा मी घाबरले होते. मी गाडीत ट्रॅकर बसवला आणि तुला सांगितलं नाही. ते चुकलं. यंत्र कुठे आहे ते तुला दाखवते.’ आणि खरंच उठून गाडीपाशी जा आणि दाखवा. तुमच्या मोबाइलवर काय दिसतं तेही तिच्या हातात मोबाइल देऊन दाखवा. मागचे सगळे दिवस तिला बघू द्या.

ती चिडेल. रडेल, दार लावून घेईल, दोन दिवस बोलणार नाही. त्या दोन दिवसांत ‘पण तू तरी कुठे खरं बोललीस’ हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. मला माहीत आहे, ते ओठांवर येईल. गिळून टाका. नकाशात तिने तो अडीच तासांचा थांबा पाहिलेला असेल. तुम्हाला माहीत आहे हे तिला कळलेलं असेल. त्यानंतर तुम्ही विचारलं नाहीत, तर ती स्वतः सांगण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे. लगेच नसेल, चार-आठ दिवसांनी.

आणि सांगितलंच नाही तर एकदाच, साध्या आवाजात विचारा, ‘त्या भागात कोण राहतं? तुला सांगायचं नसेल तर नको सांगूस, पण तू तिथे ठीक असतेस ना?’ उत्तर काय येईल याच्या शंभर शक्यता आहेत. एखादी मैत्रीण असेल. एखादा मुलगा असेल, आणि अठराव्या वर्षी तसा असणं ही काही आपत्ती नव्हे. तुम्ही नको म्हणाल अशी एखादी शिकवणी किंवा काम असेल. कोणाच्या घरचं आजारपण असेल जे तिने कोणाला न सांगायचं कबूल केलं असेल. यातल्या कुठल्याच गोष्टीसाठी गुप्तहेर लागत नाही. मात्र एक अपवाद मी ठामपणे सांगते. ती घाबरलेली दिसत असेल, अंगावर खुणा असतील, पैसे गायब होत असतील, नशेचा संशय येत असेल, कोणी तिला धमकावतंय असं वाटत असेल, तर चार-आठ दिवस थांबू नका. त्याच दिवशी समोर बसून विचारा आणि गरज पडली तर समुपदेशकाची किंवा पोलिसांची मदत घ्या. तशी काही चिन्हं तुमच्या पत्रात नाहीत. असती तर तुम्ही लिहिली असती.

ट्रॅकर काढायचा की ठेवायचा, हे तिच्यासोबत ठरवा. ठेवायचा ठरला तर कशासाठी, ते नीट बोला. २०१३ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. नवं लायसन्स मिळालेल्या मुलांच्या गाड्यांत यंत्रं बसवली होती, जोरात ब्रेक किंवा वळण घेतलं की दिवा लागायचा. नुसत्या दिव्याने फारसा फरक पडला नाही. ज्या घरांत तीच माहिती आणि चित्रफिती आईवडिलांनाही मिळत होत्या, तिथे मुलांचं धोक्याचं चालवणं कमी झालं. मुलांना यंत्राची पूर्ण कल्पना होती. म्हणजे यंत्राचा उपयोग होतो, पण उघडपणे वापरलं तर, आणि चालवण्याबद्दल वापरलं तर. काही गाड्यांत कंपनीकडूनच अशी सोय असते. फोर्डची ‘मायकी’ नावाची किल्ली असते, ती मुलाच्या हातात दिली की गाडीचा कमाल वेग आणि रेडिओचा आवाज मर्यादेत ठेवता येतो. शेव्हरोलेच्या ‘टीन ड्रायव्हर’मध्ये किती वेळा ठरवून दिलेला वेग ओलांडला, जास्तीत जास्त वेग किती गेला, याचं प्रगतिपुस्तक निघतं. मुलगी कुठे गेली होती हे त्यात नसतं. मला ही विभागणी फार शहाणपणाची वाटते. तुमच्या ट्रॅकरमध्येही बहुधा वेगाची सूचना चालू ठेवून रोजचा माग बंद करता येईल. कंपनीला फोन करून विचारा.

तो फोन कराल तेव्हा आणखी एक विचारून घ्या, ही सगळी माहिती त्यांच्याकडे किती दिवस राहते आणि आणखी कोणाला दिली जाते. लाइफ३६० हे कुटुंबांमध्ये फार वापरलं जाणारं ॲप लोकांच्या ठावठिकाण्याची माहिती दलालांना विकत होतं, हे २०२१ च्या डिसेंबरात बाहेर आलं, तेव्हा ते वापरणाऱ्या कित्येक आईवडिलांना त्याचा पत्ताच नव्हता. २०२४ मध्ये जनरल मोटर्सच्या गाड्यांमधून लोक कसे चालवतात याचा तपशील विमा कंपन्यांपर्यंत पोचत असल्याचं उघड झालं. आपण आपल्या मुलीला जपायला म्हणून जे बसवतो, त्यातून ती रोज कुठे, किती वाजता असते हे परक्या माणसांच्या हाती जाऊ शकतं. मुलीच्या बाबतीत तर हा विचार पहिल्या दिवशीच व्हायला हवा होता.

तिच्यासोबत जे ठरवाल त्यात शेवटची तारीख असू द्या. सहा महिने म्हणा, आणि त्या सहा महिन्यांत वेगाच्या सूचना आल्या नाहीत तर यंत्र निघेल, असं स्पष्ट. पहिले दोन-तीन महिने रात्री दहानंतर गाडी न्यायची नाही, एका वेळी एकच मैत्रीण गाडीत, असे नियम ठेवायला माझी काही हरकत नाही. उलट मी आग्रहच धरेन. तिला कारणं सांगा. वर मी दिलेला ४५ आणि ८५ मीटरचा हिशेब तिला कागदावर मांडून दाखवा. रिकाम्या मैदानात किंवा रस्त्याच्या कडेने ८५ मीटर चालून दाखवा. लायसन्सची परीक्षा पास झालेल्यांनीही हे अंतर डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. आणि आठवड्यातून एकदा तुम्ही तिच्या शेजारी बसून फिरून या, रात्रीसुद्धा. तीन महिन्यांत ती कशी चालवते हे शेजारी बसून पाहिल्याचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही, आणि ठिपक्याने जे कधीच कळणार नाही ते तिथे वीस मिनिटांत कळेल. मागचं दाखवणारा आरसा बघते का, चौकात घाई करते का, फोन वाजला की हात तिकडे जातो का.

फोनबद्दल तुमच्यासाठी एक नियम, आणि तो आजपासून. ठिपका हलत असताना तिला फोन करायचा नाही, मेसेजही नाही. तुम्ही असं करत असाल असं मला का वाटतं? कारण दिवसातून पंचवीस वेळा बघणारी आई कधीतरी न राहवून फोन लावतेच. ६० च्या वेगाला दोन सेकंद नजर स्क्रीनवर गेली की गाडी ३३ मीटर आंधळी धावते. आईचा फोन आहे, उचलला नाही तर घरी बोलणी बसतील, या भीतीने मुलं गाडी चालवता चालवता फोन उचलतात. ‘गाडी चालवताना आईचा फोन उचलायचा नाही, आई रागावणार नाही’ हे तिला तुमच्या तोंडून ऐकू द्या.

आणि ते पंचवीस वेळा बघणं. तुम्ही स्वतःच लिहिलंय म्हणून बोलते. बघितलं की दोन मिनिटं बरं वाटतं, मग पोटात पुन्हा गोळा येतो आणि पुन्हा बघावंसं वाटतं. बघण्यामुळे भीती कमी झालेली नाही, तिला रोज खाद्य मिळतंय. तीन महिन्यांपूर्वी, ट्रॅकर नसताना, तुम्हाला झोप लागत होती. ते ॲप स्क्रीनवरून आत कुठेतरी हलवा आणि वेगाची सूचना सोडून बाकी सूचना बंद करा. महिनाभरात झोप परत आली नाही, तर तुमच्यासाठी, लेकीसाठी नव्हे, एखाद्या समुपदेशकाला भेटा. काळजी करणाऱ्या आईलाही मदत लागते आणि ती मागण्यात कमीपणा नाही.

यजमानांशी आधी बोला. तिला सांगताना ते शेजारी असावेत, गप्प बसून का होईना. एकाने कबूल करायचं आणि दुसऱ्याने मागे पुरावा गोळा करत राहायचं, असं झालं तर तिचा तुम्हा दोघांवरचाही विश्वास जाईल. शक्य असेल तर तिच्या दादालाही बोलवा. तो गाडी शिकला तेव्हा काय काय केलं जे तुम्हाला आजपर्यंत माहीत नाही, ते त्याला तिच्यासमोर सांगू द्या. त्याच्याकडे सांगण्यासारखं असणार.

शेवटी एक नियम तिच्या बाजूचा. कधीही, कितीही वाजता, कुठूनही तिने ‘मला घ्यायला या’ असा फोन केला, गाडी चालवायच्या अवस्थेत ती नसेल, किंवा जो चालवणार आहे तो नसेल, किंवा नुसती भीती वाटत असेल, तर तुमच्यापैकी एकजण निघेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत एकही प्रश्न विचारणार नाही. ‘तू तिथे काय करत होतीस’ हेसुद्धा नाही. हे तिला आधीच सांगा, आणि रात्री फोन आला तर दोघांपैकी कोण उठणार, गाडी तिच्याकडे असताना तुम्ही कशाने जाणार, हे आजच ठरवून ठेवा.